चार आण्यांचा वाचक

एक नटी लग्न करते. ही बातमी वितरकाला सांगायची असेल तर तिच्या अर्धवट राहिलेल्या दोन पिक्चरचं पुढे काय होणार, ते आधी सांगावं लागतं. घरात दुपारी पडल्या पडल्या वाचणाऱ्या बाईला सांगायची तर साडी कुठली, दागिने कुठले, सासूबाई कशा आहेत ते सांगावं लागतं. कॉलेजच्या पोराला सांगायची तर... जाऊ दे, ते आपल्याला माहीतच आहे! नटी एक, लग्न एक, पण बातम्या तीन. कारण वाचणारे तीन.

सिनेमाच्या मासिकांची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं. आपण मासिक चाळताना नट-नट्या बघतो, पण पानाच्या मागे एक अदृश्य माणूस बसलेला असतो, तो म्हणजे संपादकाने डोळ्यासमोर धरलेला वाचक. तो बदलला की कागद बदलतो, भाषा बदलते, किंमत बदलते आणि खरं-खोट्याचं प्रमाणही बदलतं.

मित्रांनो, हा अदृश्य वाचक आपल्याकडे बहुधा सगळ्यात आधी आणि सगळ्यात अचूक ज्याने ओळखला, आणि पुढे हरवलासुद्धा, त्या माणसाची ही गोष्ट. नाव बाबूराव पटेल. आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. घरी आजोबांना विचारलंत तर त्यांना 'मदर इंडिया' नावाचं मासिक आठवेल. (मेहबूबचा सिनेमा वेगळा, हे मासिक वेगळं.) पणजोबा असते तर त्यांनी 'फिल्मइंडिया' हे नाव घेतलं असतं आणि पाठोपाठ एक हसू किंवा एक शिवी, दोन्हीपैकी काहीतरी नक्की आलं असतं!

बाबूरावांचा जन्म १९०४ सालचा, मासवणचा. मासवण म्हणजे पालघरजवळचं गाव. तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर जिल्हा. मूळ आडनाव पाटील. मुंबईत आल्यावर बाबा पाटलांचे बाबूराव पटेल झाले. शिक्षण अर्धवट राहिलं, कॉलेजचं तोंड काही त्यांनी पाहिलं नाही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर कायमचे 'ड्रॉप'! पण इंग्रजी त्यांनी अशी कमावली की पुढे एम.ए. झालेली मंडळी त्यांचं इंग्रजी वाचून चाट पडत. ते पुस्तकी इंग्रजी नव्हतं. ठसकेबाज, टोचणारं, मध्येच कोटी करणारं, आणि वाचणाऱ्याला आपल्याशीच कुणीतरी बोलतंय असं वाटायला लावणारं होतं.

बाबूराव विशीत होते तेव्हा सिनेमा मुका होता आणि सिनेमाबद्दल लिहिणं हा धंदा आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. १९२४ साली मुंबईत 'मौज मजाह' नावाचं गुजराती नियतकालिक निघालं, ते देशातल्या पहिल्या सिनेमा-नियतकालिकांपैकी एक. १९३० साली कलकत्त्यात 'फिल्मलँड' हे इंग्रजी साप्ताहिक निघालं. बाबूराव १९२६ च्या सुमारास 'सिनेमा समाचार' नावाच्या पत्रात लिहायला लागले. लेखणी चालवता चालवता मग कॅमेऱ्यामागेही गेले आणि १९३३-३४ च्या दरम्यान 'सती महानंदा', 'महारानी' असे काही बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. ते चित्रपट आज कुणाच्या आठवणीत नाहीत. पण त्या कामाचा एक फायदा झाला. स्टुडिओत लाइट कसे लावतात, निर्माता पैसे कुठे वाचवतो, नटी सेटवर किती वाजता येते, पडद्यावर काय चुकलं आणि का चुकलं, हे सगळं त्यांना आतून कळलं. आपल्याकडे जो वर्कशॉपमध्ये हात काळे करून आलेला असतो त्याला ड्रॉइंगमधली चूक पटकन दिसते ना, तसंच.

आता १९३५ साल डोळ्यासमोर आणा. 'आलम आरा' येऊन चार वर्षं झाली होती. 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्याला आलेली, कलकत्त्यात 'न्यू थिएटर्स' जोरात, मुंबईत 'बॉम्बे टॉकीज' नुकतीच सुरू झालेली. बोलपटांनी भाषांच्या भिंती उभ्या केल्या होत्या, म्हणजे मराठी पिक्चर मराठी माणसासाठी, बंगाली बंगाल्यासाठी. पण धंदा मात्र देशभर पसरलेला. लाहोरचा थिएटर-मालक, मद्रासचा वितरक, नागपूरचा वकील आणि पुण्याचा कॉलेजकुमार, या चौघांनी एकच मासिक वाचायचं तर ते कुठल्या भाषेत असावं? उत्तर एकच होतं, इंग्रजी.

एप्रिल १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया'चा पहिला अंक बाहेर पडला. किंमत चार आणे. छपाईची बाजू न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसच्या पार्करांनी सांभाळली, मजकुराची बाबूरावांनी.

हे चार आणे मला फार बोलके वाटतात. थिएटरात अगदी पुढे, पडद्याला नाक लावून बसणाऱ्यांना लोक 'चवन्नी क्लास' म्हणत. चवन्नी म्हणजे चार आणेच. पण तो प्रेक्षक 'फिल्मइंडिया'चा वाचक नव्हता, असूच शकत नव्हता! १९३१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे दहा टक्क्यांच्याही आत होते. त्यातही इंग्रजी वाचणारे म्हणजे भाजीतल्या मिठाएवढे. म्हणजे ज्यांच्या शिट्ट्यांवर सिनेमा चालायचा ते एक आणि ज्यांच्यासाठी सिनेमाचं मासिक निघायचं ते दुसरेच. बाबूरावांनी दुसरा गट निवडला. मॅट्रिक झालेला कारकून, कॉलेजचा विद्यार्थी, डॉक्टर, वकील, मास्तर. हा वर्ग तोवर सिनेमाकडे नाक मुरडून बघत होता. हॉलिवूड बघायचा, पण देशी पिक्चर म्हणजे हलकी गोष्ट असं मानायचा. या माणसाच्या हातात देशी सिनेमाचं, गुळगुळीत कागदावरचं, रंगीत मुखपृष्ठाचं मासिक बाबूरावांनी दिलं. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराने त्याची मुखपृष्ठं रंगवली. ते मासिक काखेत घेऊन मिरवणं ही कॉलेजच्या पोरांत फॅशन झाली. इंग्रजी येतं हेही दिसायचं आणि सिनेमा बघतो हेही लपवावं लागायचं नाही. एका दगडात दोन पक्षी!

त्या काळचे बरेच अंक आज स्कॅन होऊन इंटरनेटवर वाचायला मिळतात. मी सबमिशनच्या दिवसांत (अभ्यास सोडून सगळं सुचतं तेच दिवस!) रात्र-रात्र ते चाळले. एक गोष्ट लगेच लक्षात येते. हे एक मासिक नव्हतंच, एका कव्हरात बांधलेली चार मासिकं होती.

सुरुवातीला संपादकीय. ते सरकारला, सेन्सॉर बोर्डाला आणि बड्या निर्मात्यांना उद्देशून. मग 'बॉम्बे कॉलिंग' नावाचं सदर, लेखकाचं नाव 'ज्यूडास'. ख्रिस्ताला दगा देणाऱ्याचं नाव घेऊन लिहिणारा हा ज्यूडास म्हणजे खुद्द बाबूराव. धंद्यातली आतली खबर इथे मिळायची, म्हणजे हे पान स्टुडिओवाल्यांसाठी. मग परीक्षणं, ती तिकिटाचे पैसे टाकणाऱ्या प्रेक्षकासाठी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे 'एडिटर्स मेल', वाचकांचे प्रश्न आणि संपादकाची उत्तरं.

हे शेवटचं सदर म्हणजे 'फिल्मइंडिया'चं हृदय. लोक अंक मागून उघडतात तसे तेव्हाचे वाचक आधी हे पान काढत. देशाच्या कानाकोपऱ्यातून पत्रं येत. अमुक नटीचं वय किती, तमुक नट खरंच घोड्यावर बसतो का, इथपासून लग्न करावं की नाही, देव आहे की नाही, गांधीजींचं हे बरोबर की चूक, इथपर्यंत. उत्तर एक-दोन ओळींचं. कधी चिमटा, कधी थप्पड, कधी अचानक मनाला लागणारं काहीतरी. आजच्या भाषेत याला कुणी 'इंटरॅक्टिव्ह' म्हणेल. पण मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. छोट्या गावातला, स्टुडिओचं दारही न पाहिलेला एक कारकून पत्र टाकतो आणि मुंबईचा एवढा मोठा संपादक त्याच्या नावानिशी त्याला उत्तर देतो. तो पुढच्या महिन्याचा अंक विकत घेणार नाही तर काय करणार?

बाबूरावांची खरी ताकद इथे होती. पैसा जाहिरातीतून येत होता आणि जाहिराती निर्मात्यांच्याच होत्या. अंकात डाव्या पानावर एखाद्या पिक्चरची झगझगीत जाहिरात आणि त्याच संस्थेच्या पिक्चरची परीक्षणात सालटी काढलेली, असं घडायचं. निर्माता चिडायचा, पण जाहिरात बंद करायला धजायचा नाही, कारण वाचक बाबूरावांकडे होता. जाहिरातदाराला वाचक हवा असतो, आणि वाचकाला खरं बोलणारा हवा असतो. हा हिशेब बाबूरावांनी बरोबर मांडला होता. अर्थात ते काही संत नव्हते. मैत्रीही पाळत आणि दुश्मनीही. सुरुवातीला 'प्रभात' आणि शांतारामबापूंचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, पुढे त्याच शांतारामांवर टीकेची झोड उठवली.

त्यांच्या आयुष्यातलं मला सगळ्यात अभिमानाचं वाटणारं प्रकरण १९३८-३९ चं. हॉलिवूड आणि लंडनचे स्टुडिओ तेव्हा हिंदुस्थानावर सिनेमे काढत. त्यात गोरा अधिकारी शूर, आणि आपले लोक एकतर रानटी, नाहीतर दगाबाज, नाहीतर साहेबासाठी जीव देणारे पाणके. १९३८ साली 'द ड्रम' आला आणि मुंबईत त्याविरुद्ध निदर्शनं झाली. १९३९ साली किपलिंगच्या कवितेवरून काढलेला 'गंगा दीन' आला. बाबूरावांनी या चित्रपटांविरुद्ध मोहीमच उघडली. दोन्ही चित्रपटांना आपल्याकडे बंदीला तोंड द्यावं लागलं. 'गंगा दीन' तर मुंबई आणि बंगाल प्रांतात दाखवता आला नाही. लक्षात घ्या, राज्य इंग्रजांचं होतं आणि हा मॅट्रिकच्या अलीकडचा मराठी माणूस साहेबाच्याच भाषेत साहेबाला सांगत होता की एका अख्ख्या समाजाला एकाच डांबराच्या ब्रशने रंगवू नका. इथे त्यांनी मासिक इंग्रजीत काढल्याचा खरा उपयोग झाला. मराठीत लिहिलं असतं तर ते साहेबापर्यंत पोचलंच नसतं.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

चाळीसच्या दशकात बाबूरावांचा दरारा शिगेला पोचला. एका परीक्षणाने पिक्चर उठतो किंवा पडतो असं लोक मानू लागले. पण दरारा वाढला की चुकाही मोठ्या होतात. १९४४ साली 'ज्वार भाटा'मधून एक नवा पोरगा आला. 'फिल्मइंडिया'ने त्याची रक्त नसलेला, अशक्त नायक अशी संभावना केली. त्या पोराचं नाव दिलीपकुमार! पुढे १९५४ साली फिल्मफेअरचं पहिलंवहिलं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक 'दाग'साठी त्यालाच मिळालं. अंदाज कुणाचाही चुकतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नटींच्या वयावर, अंगावर, चेहऱ्यावर त्यांनी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. वाचक हसत होता म्हणून लिहिलं, हे उत्तर मला पुरत नाही. शांता आपटे छडी घेऊन थेट बाबूरावांच्या ऑफिसात शिरल्या आणि त्यांनी त्यांना चोपलं, अशी कथा सिनेमाच्या दुनियेत सांगितली जाते. मूळ प्रसंग किती आणि मीठ-मसाला किती ते सोडा. पण ही कथा इतकी वर्षं लोकांनी आवडीने सांगितली, यातच बरंच काही आलं.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात सुशीलाराणी आल्या. मूळच्या टोंबट, शास्त्रीय गाणं शिकलेल्या, मोगूबाई कुर्डीकरांची तालीम लाभलेल्या. बाबूरावांनी त्यांना नायिका करून १९४४ साली 'द्रौपदी' आणि १९४६ साली 'ग्वालन' हे चित्रपट काढले. दोन्ही चालले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्याचा स्वतःचा पेपर आला आणि... असो! ज्यांची सालटी निघाली होती त्या निर्मात्यांनी तेव्हा पेढे वाटले असतील तर नवल नाही. लग्न मात्र टिकलं. सुशीलाराणी मासिकाच्या कामात बरोबरीने राबल्या, टोपणनावांनी लिहीत राहिल्या. पाली हिलवरचा त्यांचा 'गिरनार' बंगला ही सिनेमावाल्यांची एक महत्त्वाची जागा होती. मधुबालाला इंग्रजी सुशीलाराणींनी शिकवलं असं सांगतात. सुशीलाराणी २०१४ साली गेल्या, गाणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

बाबूरावांचं एक उर्दू साप्ताहिकही होतं, 'कारवाँ'. सआदत हसन मंटो यांनी तिथे काही महिने काम केलं. पुढे पाकिस्तानात गेल्यावर मंटोंनी बाबूरावांचं एक व्यक्तिचित्र लिहिलं. एकाच मालकाचं इंग्रजी मासिक वेगळ्या वाचकासाठी आणि उर्दू साप्ताहिक वेगळ्या वाचकासाठी. आपला विषय इथे बरोबर समोर येतो, म्हणून जरा आडवळण घेऊन बाबूरावांच्या आजूबाजूची आणि नंतरची मासिकं बघू.

दिल्लीत १९३९ साली युसूफ देहलवींनी 'शमा' काढलं. उर्दू. त्यात सिनेमा होताच, पण त्याबरोबर नावाजलेल्या लेखकांच्या कथा, गझला आणि मोठ्या बक्षिसांची शब्दकोडी. म्हणजे 'शमा'चा वाचक एकटा नव्हता, अख्खं घर होतं. आजोबा गझल वाचणार, भाऊ कोडं सोडवणार, बहीण फोटो कापून ठेवणार. 'फिल्मइंडिया' हे एकट्याने वाचायचं मासिक, 'शमा' हे घरभर फिरायचं.

१९५१ साली इंडियन एक्स्प्रेस गटाचं 'स्क्रीन' आलं. वर्तमानपत्राच्या आकाराचं साप्ताहिक. मुहूर्त कुणाचा झाला, कुठल्या शहरात कुठलं पिक्चर किती आठवडे चाललं, पानभर जाहिराती. हे धंद्यातल्या माणसाचं वर्तमानपत्र. त्याला मतांपेक्षा आकडे हवेत.

१९५२ साली टाइम्स गटाचं 'फिल्मफेअर' आलं, आणि बाबूरावांना खरा प्रतिस्पर्धी मिळाला. गंमत अशी की वाचक जवळजवळ तोच, इंग्रजी शिकलेला मध्यमवर्ग. पण 'फिल्मफेअर'ने त्याला वेगळ्या नजरेने पाहिलं. बाबूरावांचा वाचक चिडलेला, भांडायला तयार. 'फिल्मफेअर'चा वाचक सभ्य, बायको-मुलांसह मासिक वाचणारा. भाषा मऊ, फोटो सुंदर, कुणाची बदनामी नाही. १९५४ मध्ये त्यांनी वाचकांची मतं मागवून पारितोषिकं दिली. बाबूराव वाचकाला उत्तर देत होते, 'फिल्मफेअर'ने त्याच्या हातात मतपत्रिका दिली. बाबूरावांच्या एकट्याच्या निकालाच्या जागी वाचकांचा निकाल. किती मोठा बदल!

१९६४ साली त्याच गटाने हिंदीत 'माधुरी' काढलं, संपादक अरविंद कुमार. मालक एकच, पण 'फिल्मफेअर'चं भाषांतर त्यांनी केलं नाही. हिंदी घरांत सिनेमाचं मासिक उघडपणे टेबलावर ठेवता यावं, असं सुसंस्कृत मासिक त्यांनी केलं, आणि नव्या, वेगळ्या चित्रपटांना त्यात जागा दिली. पुढे याच अरविंद कुमारांनी हिंदीचा मोठा 'समांतर कोश' रचला. सिनेमाच्या मासिकाचा संपादक शब्दांबाबत किती गंभीर असू शकतो ते बघा!

आणि १९७१ मध्ये 'स्टारडस्ट'. जाहिरात क्षेत्रातल्या नारी हिरांनी काढलेलं, पहिल्या संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आपल्या शोभा डे. इथे सिनेमा जवळजवळ गायब, उरले फक्त तारे आणि त्यांच्या भानगडी. भाषा इंग्रजी-हिंदीची मिसळ, मुंबईच्या बसमध्ये ऐकू येणारी. वाचक तरुण, शहरी, त्याला परीक्षण नको, कुजबुज हवी. बाबूरावांच्या ज्यूडासची ही नात म्हणायला हरकत नाही. फक्त आजोबांचा देशप्रेमाचा तोफखाना तिने बंद करून टाकला होता.

मराठीतही सिनेमाची साप्ताहिकं होती. नाशिकचं 'रसरंग' घ्या, सिनेमा आणि क्रिकेट एकाच अंकात! आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या गप्पांचे विषय मोजले तर हेच दोन निघतील. संपादकाने वाचक बरोबर ओळखला होता असंच म्हणावं लागेल.

आता परत बाबूरावांकडे. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या मासिकात सिनेमा कमी आणि राजकारण जास्त होत गेलं. नेहरूंवर, सरकारवर त्यांची लेखणी आग ओकू लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'फिल्मइंडिया' हे नावच गेलं आणि 'मदर इंडिया' आलं. सिनेमा एका कोपऱ्यात ढकलला गेला. होमिओपॅथीचा त्यांना नाद होता, त्यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. १९६७ साली मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून जनसंघाच्या तिकिटावर ते लोकसभेवर निवडून गेले. सरकारवर टीका करणं हा त्यांचा हक्कच होता, त्यात वावगं काही नाही. पण त्यांच्या लिखाणात मुसलमानांबद्दलचा द्वेष वाढत गेला. 'मदर इंडिया'तल्या दोन लेखांवरून त्यांच्यावर दोन समाजांत वैर पसरवल्याचा, भारतीय दंडविधानाच्या १५३-अ कलमाखालचा खटला झाला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम केला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८२ मध्ये बाबूराव गेले. पुढच्या तीनेक वर्षांत मासिकही बंद पडलं.

ते वाक्य आठवतं का? अख्ख्या समाजाला एकाच ब्रशने रंगवू नका, असं १९३९ साली साहेबाला ठणकावणारा माणूस म्हातारपणी नेमकं तेच करत होता. फक्त ब्रश त्याच्या स्वतःच्या हातात होता. मला हे वाचून वाईट वाटलं, रागही आला. ज्याचा आपल्याला अभिमान वाटतो त्याच्याबद्दल हे लिहायचं की वगळायचं, यावर आमच्या रूमवर दोन रात्री वाद झाला. एक जण म्हणाला, मेलेल्या माणसाचं कशाला काढायचं, चांगलं तेवढं लिही. पण चांगलं तेवढंच लिहायचं तर ती जाहिरात झाली, चरित्र नव्हे. आणि जाहिरात आणि परीक्षण यांत फरक असतो हे आपल्याला शिकवलं कुणी? बाबूरावांनीच ना?

असं का झालं असेल? मला जे वाटतं ते सांगतो, पटलं तर घ्या. 'फिल्मइंडिया'च्या पहिल्या वर्षांत बाबूरावांचा वाचक त्यांना प्रश्न विचारत होता. तो लाहोरचा होता, मद्रासचा होता, हिंदू होता, मुसलमान होता, पारशी होता, ख्रिश्चन होता. त्याला एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे सिनेमा. एका थिएटरात अंधार झाला की शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही, सगळे एकाच ठिकाणी हसतात आणि एकाच ठिकाणी रडतात. हा वाचक डोळ्यासमोर असेपर्यंत लेखणीला लगाम होता. पुढे वाचक आकसला. उरले ते फक्त टाळ्या वाजवणारे. तुझं चुकतंय असं पत्र टाकणारा उरला नाही, किंवा टाकत असेल तर त्याचं ऐकायची तयारी उरली नाही. समोर फक्त टाळ्या असल्या की बोलणाऱ्याचा आवाज वाढत जातो. हे आपण गॅदरिंगला दरवर्षी बघतो, आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर तर रोज बघतो.

इंजिनिअरिंगमध्ये आपल्याला फीडबॅक शिकवतात. आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटकडे आणून वजा केला तर यंत्रणा ताळ्यावर राहते, आणि तोच भाग उलट मिळवत गेला तर ती बेफाम होते. कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी हे फळ्यावर दोन ठोकळे काढून शिकवलं होतं. मला ते 'एडिटर्स मेल' वाचताना खरं कळलं. चार आणे टाकणारा आणि वर जाब विचारणारा वाचक म्हणजे मासिकाचा निगेटिव्ह फीडबॅक. तो कटकटीचा वाटतो, पण यंत्रणा त्याच्यावरच उभी असते.

म्हणून आमच्या मराठी विभागातर्फे एक विनंती. पुढच्या अंकापासून दोन पानं वाचकांच्या पत्रांसाठी राखून ठेवायचं ठरलं आहे. मेसच्या दारापाशी एक खोकं ठेवू. अंक आवडला असं लिहिलंत तर आनंद आहेच. पण नाही आवडला तर काय नाही आवडलं, कुठे खोटं वाटलं, कुणाला उगाच टोचलं, ते लिहा. शक्यतो नाव घालून लिहा, म्हणजे उत्तरही नावानिशी देता येईल. स्टाफपैकी कुणी लिहिलं तर तेही छापू, मार्कांची काळजी आमची आम्ही करू!